परदेशी स्पर्धा आणि मुक्कामाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या मुलाची किंवा मुलीची परदेशातील स्पर्धेसाठी निवड झाली, की गावात आनंदाचे वातावरण पसरते. शाळेत सत्कार होतो, ग्रामपंचायत अभिनंदनाचा ठराव करते आणि वर्गणीची यादी फिरू लागते. त्यानंतर चौकशी सुरू होते ती विमानाच्या तिकिटाची. तिकिटाची रक्कम जमली म्हणजे मुख्य काम झाले, अशी घरच्या मंडळींची समजूत असते. खेळाडूने तेथे राहावयाचे कोठे, किती रात्री आणि कोणत्या दराने, हा प्रश्न सर्वांत शेवटी, बहुधा निघण्याच्या आठवड्यात पुढे येतो. तोपर्यंत स्पर्धास्थळाजवळच्या स्वस्त खोल्या गेलेल्या असतात आणि उरलेल्या खोलीचे भाडे कधी कधी तिकिटाच्या रकमेची बरोबरी करू लागते.

असे होण्याचे एक कारण आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या पद्धतीत आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या पायऱ्या चढत असताना मुक्कामाची काळजी संयोजक वाहतात. एखाद्या शाळेचे वर्ग रिकामे केले जातात, सतरंज्या अंथरल्या जातात आणि सोबत आलेले क्रीडाशिक्षक मुलांवर लक्ष ठेवतात. यात गैरसोय होते, पण प्रश्न सुटतो. वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या खेळाडूला मुक्काम ही स्वतः ठरवावयाची बाब आहे, याचा अनुभवच येत नाही. परदेशातील स्पर्धेत मात्र बहुतेक वेळा हे काम त्याच्यावर, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या पालकांवर आणि शिक्षकांवर येऊन पडते.

ऑलिंपिक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धा यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे क्रीडानगरी उभारलेली असते. ही सोयसुद्धा आरंभापासून नव्हती. 1924 साली पॅरिस येथे मैदानाजवळ लाकडी खोल्या बांधून खेळाडूंची एकत्र व्यवस्था करण्यात आली आणि 1932 साली लॉस एंजेलिस येथे खऱ्या अर्थाने पहिली क्रीडानगरी उभी राहिली. तीही केवळ पुरुषांसाठी होती. स्त्री खेळाडूंना हॉटेलात उतरविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 साली लंडन येथे नवी नगरी बांधण्याइतकी ऐपत यजमानांची नव्हती. म्हणून सैनिकी छावण्या आणि महाविद्यालयांच्या इमारती खेळाडूंसाठी मोकळ्या करण्यात आल्या. ज्या देशात अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते, त्या देशाने काढलेला तो मार्ग आजही काटकसरीने प्रवास करणाऱ्यास उपयोगी पडतो. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

वऱ्हाडाला परदेशी क्रीडाप्रवास नवा नाही. यवतमाळच्या शेजारच्या अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि कबड्डी व इतर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने तेथे करून दाखविली. त्या काळी बोटीने युरोप गाठावा लागे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले, ही हकीकत महाराष्ट्राला माहीत आहे. हेलसिंकीत क्रीडानगरी होती, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न तेथे सुटलेला होता. आजच्या तलवारबाजीच्या खेळाडूची अडचण अशी, की त्याला ऑलिंपिकपर्यंत पोचण्यापूर्वी अशा अनेक स्पर्धा खेळाव्या लागतात, ज्यांत क्रीडानगरी नसते.

या खेळाची रचनाच तशी आहे. आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाच्या स्पर्धा वर्षभर निरनिराळ्या देशांत होतात. 17 वर्षांखालील कॅडेट, 20 वर्षांखालील ज्युनियर आणि खुला असे गट असतात, आणि मिळालेल्या गुणांवरून क्रमवारी ठरते. तमिळनाडूच्या भवानीदेवी यांनी टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रता मिळविली ती या क्रमवारीच्या बळावर. 2021 साली झालेल्या त्या स्पर्धेत उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. चेन्नईच्या शाळेत आरंभी बांबूच्या काठ्यांनी सराव केलेल्या या खेळाडूने पुढे इटलीतील लिव्होर्नो येथे राहून प्रशिक्षण घेतले. त्यांच्या वाटचालीत घरच्यांनी सोसलेल्या ओढाताणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या राज्यातही छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात या खेळाचे प्रशिक्षण दिले जाते, आणि तलवारबाजीचा शालेय स्पर्धांत समावेश असल्यामुळे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आहे. म्हणजे लहान गावातील खेळाडूला परदेशी जाण्याची संधी येणे ही आता अशक्य गोष्ट राहिलेली नाही.

प्रथम काय विचारावे

कोणत्याही खेळाडूला परस्पर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव नोंदविता येत नाही. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फत, म्हणजे भारतीय तलवारबाजी संघटनेमार्फत जाते आणि खेळाडूकडे त्या हंगामाचा आंतरराष्ट्रीय परवाना असावा लागतो. म्हणून निवडीचे पत्र हाती येताच पहिला प्रश्न संघटनेलाच लेखी विचारावा : मुक्कामाची व्यवस्था संघासाठी एकत्र होणार आहे की प्रत्येकाने आपापली करावयाची आहे? एकत्र होणार असेल तर खर्च कोणाचा? निवडपत्रात ‘शासनावर आर्थिक भार न टाकता’ अशा अर्थाची ओळ असेल, तर तिचा सरळ अर्थ असा, की प्रवास, भोजन व मुक्काम हा सर्व खर्च खेळाडूने करावयाचा आहे. ही ओळ अनेक पालकांच्या नजरेतून सुटते. शिक्षकांनी ती वाचून समजावून सांगावी.

दुसरा कागद म्हणजे संयोजकांचे निमंत्रणपत्रक. त्यात स्पर्धेचे सभागृह, दिवसांचे वेळापत्रक, शस्त्रतपासणीची वेळ आणि बहुधा अधिकृत हॉटेलांची यादी दरांसह दिलेली असते. अधिकृत हॉटेल हे स्वस्त असतेच असे नाही. परंतु तेथून सभागृहापर्यंत संयोजकांची बस जात असेल, तर भाड्याच्या तुलनेत ती बस मोठी बचत करते. काही स्पर्धांत ही बस फक्त अधिकृत हॉटेलात उतरलेल्यांनाच मिळते. म्हणून यादी बाजूला टाकण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा.

हिशेब कसा मांडावा, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. शहराच्या कडेची एक खोली रात्रीला 40 युरोंना मिळते आणि सभागृहापासून दहा मिनिटे चालत असलेली दुसरी 60 युरोंना. चार रात्रींचे भाडे अनुक्रमे 160 आणि 240 युरो होते. पहिली खोली 80 युरोंनी स्वस्त वाटते. आता स्पर्धेच्या दोन दिवसांत पहाटे बस नाही आणि रात्री उशीर होतो, म्हणून चार वेळा टॅक्सी करावी लागली व प्रत्येक वेळी 25 युरो पडले, असे धरा. पहिल्या खोलीचा खर्च 260 युरोंवर गेला. दूरच्या खोलीतून येणाऱ्या खेळाडूने तासभर झोप गमावली, तो तोटा वेगळाच.

रात्री किती मोजाव्यात

बहुतेक प्रवाशांना आपण किती रात्री राहणार हे आधी ठाऊक असते. तलवारबाजाला ते ठाऊक नसते. या खेळात प्रथम सहा-सात जणांचे गट पाडून प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत होते. ही लढत पाच गुणांची आणि तीन मिनिटांची असते. गटातील कामगिरीवरून काही जण तेथेच बाद होतात. उरलेल्यांच्या पंधरा गुणांच्या बाद फेऱ्या सुरू होतात. खुल्या गटाच्या विश्वचषक स्पर्धांत वैयक्तिक सामने दोन टप्प्यांत होतात : प्रारंभीचे गट व पात्रता फेऱ्या एका दिवशी आणि शेवटच्या 64 जणांच्या लढती दुसऱ्या दिवशी. म्हणजे एखादा खेळाडू पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मोकळा होईल, किंवा त्याला दुसऱ्या दिवशीही थांबावे लागेल. आणि दोन्ही शक्यतांसाठी खोली आधी ठरवावी लागते.

येथे दोन चुका होतात. काही जण काटकसर म्हणून पहिल्या दिवसापुरतीच खोली घेतात. खेळाडू पुढच्या फेरीत गेला, की आनंदाच्या क्षणी सोबतचे शिक्षक सभागृहाच्या कोपऱ्यात बसून नवी खोली शोधत असतात. दुसरी चूक याच्या उलट : सर्व रात्रींचे पैसे आधी भरून परत न मिळणारे आरक्षण केले जाते, कारण ते थोडे स्वस्त असते. तेव्हा पूर्ण मुदतीची पण रद्द करता येणारी खोली घ्यावी आणि रद्द करण्याची अंतिम तारीख व तेथील स्थानिक वेळ वहीत लिहून ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे. दर थोडा जास्त पडतो. परंतु निवड रद्द झाली, प्रवेशपत्र नाकारले गेले किंवा खेळाडूला दुखापत झाली तर गावाच्या वर्गणीचे पैसे बुडत नाहीत. माझ्या मते वर्गणीतून जाणाऱ्या खेळाडूने परत न मिळणारे आरक्षण करूच नये.

पोचण्याचा दिवसही विचारपूर्वक ठरवावा. शस्त्रतपासणी सहसा लढतीच्या आदल्या दिवशी होते. मुखवटा, तारा, धातूचे जाकीट यांपैकी काही नापास झाले तर दुरुस्तीला किंवा खरेदीला अवधी हवा. शिवाय मध्य युरोपचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. यवतमाळहून निघालेला खेळाडू धामणगावला रेल्वेत बसून मुंबई गाठतो किंवा नागपूरहून विमान घेतो, तेथून पुढे परदेशी विमान. अशा प्रवासानंतर एक पूर्ण रात्र विश्रांतीची मिळालीच पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी नेमकी हीच रात्र कापली जाते.

खोली कशी असावी

तलवारबाजाचे सामान इतर प्रवाशांसारखे नसते. फॉइल आणि एपी या शस्त्रांची एकूण लांबी 110 सेंटिमीटरपर्यंत आणि सेबरची 105 सेंटिमीटरपर्यंत असते. लढतीला येताना एकाहून अधिक शस्त्रे व तारा जवळ असाव्या लागतात. मुखवटा, मजबूत कापडाचा पोशाख, हातमोजे आणि बूट धरून चाकांची लांबलचक पिशवी तयार होते. स्वस्त वसतिगृहातील कपाटात ती मावत नाही. जुन्या युरोपीय इमारतींत उद्वाहक नसतो आणि चौथ्या मजल्यावरील खोली स्वस्त असण्याचे कारण पुष्कळदा तेच असते. म्हणून दोन प्रश्न पत्राने विचारावेत : इमारतीला लिफ्ट आहे काय, आणि सुमारे सव्वा मीटर लांबीची पिशवी कुलूपबंद ठेवता येईल काय? आणखी एक बाब म्हणजे हे कपडे एका दिवसात घामाने चिंब होतात. ते वाळविण्यास खिडकी, दोरी किंवा तापकाची सोय नसेल तर दुसऱ्या दिवशी ओलाच पोशाख अंगावर चढवावा लागतो.

आता मुक्कामाचे प्रकार पाहू. त्यांपैकी युवा वसतिगृहे, म्हणजे यूथ होस्टेल, यांची माहिती शिक्षकांनी अवश्य करून घ्यावी, कारण ही कल्पना मुळात एका शिक्षकाची आहे. जर्मनीतील रिचर्ड शिरमान हे प्राथमिक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना पायी सहलीस नेत. 1909 साली अशाच एका सहलीत वादळ झाले आणि त्यांना एका शाळेत आसरा घ्यावा लागला. सुट्टीत देशभरातील शाळा रिकाम्या असतात, मग त्या प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. 1912 साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायम युवा वसतिगृह सुरू झाले. आपल्या राज्य स्पर्धांत शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणारा विद्यार्थी आणि युरोपातील वसतिगृहात पलंगावर झोपणारा विद्यार्थी हे दोघे एकाच कल्पनेचे लाभार्थी आहेत म्हणावयाचे. भारतातही यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था असून तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे आहे. तिचे सभासदत्व आंतरराष्ट्रीय जाळ्यातील परदेशी वसतिगृहांतही उपयोगी पडते. सभासदत्व निघण्यापूर्वी येथूनच घ्यावे.

या वसतिगृहांत मोठ्या दालनात अनेक पलंग असतात, तशा दोन किंवा चार जणांच्या स्वतंत्र खोल्याही असतात. लढतीच्या आदल्या रात्री अनोळखी दहा प्रवाशांसोबत झोपणे खेळाडूच्या हिताचे नाही. कोणी मध्यरात्री येतो, कोणी पहाटे उठतो. संघातील चौघांनी मिळून चार पलंगांची पूर्ण खोली घेतली तर दर जवळजवळ दालनाइतकाच पडतो आणि शस्त्रेही सुरक्षित राहतात. मात्र एक अट पाहावी. अठरा वर्षांखालील मुलांना सोबत प्रौढ पालक असल्याशिवाय अनेक वसतिगृहे प्रवेश देत नाहीत. कॅडेट गटातील सर्वच आणि ज्युनियर गटातील बरेच खेळाडू या वयाचे असतात. सोबतच्या शिक्षकांच्या नावे पालकांचे संमतिपत्र इंग्रजीत करून घ्यावे आणि वसतिगृहाला आधी कळवावे. रात्री अकरा वाजता दारात उभे राहून ही अट समजणे फार त्रासाचे असते.

विद्यापीठांची वसतिगृहे हा दुसरा चांगला मार्ग होय. 1948 साली लंडनने ऑलिंपिकसाठी महाविद्यालये मोकळी केली, त्याच तत्त्वावर आज अनेक विद्यापीठे उन्हाळी सुट्टीत आपल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. एकेकाची स्वतंत्र खोली आणि मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर अशी तेथे बहुधा रचना असते. 2022 साली राष्ट्रकुल तलवारबाजी स्पर्धा लंडन येथे ऑगस्टमध्ये झाली. तो महिना या दृष्टीने सोयीचा. हिवाळ्यातील स्पर्धांना मात्र हा मार्ग उपलब्ध नसतो, कारण तेव्हा विद्यार्थी तेथे राहत असतात.

लंडनचा विषय निघाला आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. परदेशात परवडणारी खोली शोधण्याचा प्रश्न मराठी माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी 1905 साली हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ उघडले, ते भारतीय विद्यार्थ्यांच्या निवासासाठी. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथेच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिक्षणासाठी लंडनला असताना किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात भाड्याने राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. भारतीय विद्यार्थ्यांसाठी 1920 साली सुरू झालेले इंडियन वाय. एम. सी. ए. चे वसतिगृह पुढे फिट्झरॉय चौकात स्थिरावले, आणि भारतीय जेवण मिळणारे ठिकाण म्हणून त्याचा लौकिक आहे. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ, लंडन या संस्थेची डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू आहे. अशी मंडळे अनेक देशांत आहेत. त्यांना धर्मशाळा समजू नये. पण कोणता भाग सुरक्षित, पहाटे वाहने मिळतात काय, अशा माहितीसाठी दोन महिने आधी नम्र पत्र लिहिण्यास हरकत नाही. एखाद्या मराठी कुटुंबाने आपण होऊन घरी राहण्याचे निमंत्रण दिले तर ते मोलाचे. तरीही घर सभागृहापासून किती दूर आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

चौथा प्रकार म्हणजे काही दिवसांसाठी भाड्याने मिळणारे लहान घर. पाच-सहा जणांचा संघ असेल तर दरडोई खर्च सर्वांत कमी येथेच पडतो आणि स्वयंपाक करता येतो. सफाईचे वेगळे शुल्क, अनामत रक्कम आणि किल्ली घेण्याची वेळ या तीन गोष्टी आधी लेखी घ्याव्यात. घरमालक आरक्षणाच्या संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठविण्यास सांगत असेल तर तो व्यवहार करू नये. इटलीसह अनेक देशांतील शहरांत प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्रीचा स्थानिक कर मुक्कामाच्या ठिकाणी वेगळा भरावा लागतो. तो छापील दरात पुष्कळदा धरलेला नसतो.

प्रवेशपत्र आणि मुक्कामाचा पुरावा

युरोपातील शेंगेन करारातील देशांसाठी अर्ज करताना सर्व रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे खोली हा केवळ सोयीचा नव्हे तर परवानगीचा भाग आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. मोसमात भेटीची वेळ मिळण्यास विलंब लागतो, म्हणून दोन महिने हाताशी ठेवावेत. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो. संयोजकांचे निमंत्रण, राष्ट्रीय संघटनेचे पत्र, परतीचे तिकीट आणि मुक्कामाचे आरक्षण यांतील तारखा व पारपत्रावरील नाव एकमेकांशी जुळले पाहिजे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि पारपत्रावर वडिलांच्या नावासह दुसरे, असे सर्रास आढळते. आरक्षण पारपत्रावरील नावानेच करावे. काही मध्यस्थ केवळ अर्जापुरते बनावट आरक्षण करून देण्याची तयारी दाखवितात. त्यांच्या नादी लागू नये. खोटा कागद उघडकीस आला तर अर्ज नामंजूर होतो आणि ती नोंद खेळाडूच्या पुढील अर्जांनाही चिकटते.

एक सवलत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. ना-नफा संस्थांच्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींना, ना-नफा संस्थेने भरविलेल्या क्रीडा कार्यक्रमासाठी जावयाचे असल्यास, शेंगेन प्रवेशपत्राचे शुल्क माफ करण्याची तरतूद युरोपीय नियमांत आहे. संघटनेच्या पत्रात तसा स्पष्ट उल्लेख करून घेऊन ती मागावी. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असू शकते. पारपत्रासाठी यवतमाळ जिल्हा नागपूरच्या विभागीय कार्यालयाच्या कक्षेत येतो. निवड होण्याची वाट न पाहता, राज्य पातळीवर खेळू लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पारपत्र शाळेने काढवून घ्यावे.

जेवणाचा खर्च

परदेशात मुक्कामाइतकाच पैसा जेवणावर जातो, म्हणून सामायिक स्वयंपाकघर असलेली जागा निवडावी. थालीपिठाची भाजणी, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ सोबत नेता येतात. मात्र युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेले तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतले जातात. लाडू करावयाचे तर ते तेलातले करावेत. खोलीत विजेची शेगडी लावण्याची सवय आपल्या वसतिगृहांत मुलांना लागलेली असते. तेथे त्यामुळे धूरसूचक वाजतो आणि दंड होतो.

पावत्यांचे महत्त्व

शेवटी हिशेबाविषयी. शासनाच्या क्रीडा विभागामार्फत आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील खेळाडूंना अर्थसहाय्य देण्याच्या योजना आहेत आणि त्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. शक्यतो जाण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा. खर्चाची प्रतिपूर्ती मागताना पावती लागते. रोख पैसे देऊन, कागद न घेता घेतलेली खोली कितीही स्वस्त असली तरी हिशेबात ती शून्य ठरते. पावतीवर खेळाडूचे नाव, मुक्कामाच्या तारखा, रात्रींची संख्या, रक्कम आणि संस्थेचा शिक्का किंवा कर क्रमांक असावा. खोली एकत्र घेतली असेल तर प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र पावती मागावी. हॉटेलचे कर्मचारी ती निघण्याच्या दिवशी देतात, महिन्यानंतर पत्राने मागितल्यास क्वचितच देतात. बँकेच्या कार्डाने भरलेल्या रकमेत विनिमयाचे शुल्क मिळालेले असते, म्हणून त्या दिवसाचा दर व बँकेचा उतारा दोन्ही जोडावेत.

ही काळजी केवळ कार्यालयासाठी घ्यावयाची नाही. आपल्या भागात अशा प्रवासाचा पैसा पुष्कळदा कापसातून उभा राहतो. तिकिटाची तारीख भाव वाढेपर्यंत थांबत नाही, म्हणून पडत्या भावात माल विकावा लागतो. कधी दागिना गहाण पडतो. खेळाडू परत आल्यावर ज्या ग्रामपंचायतीने वर्गणी काढून दिली, तिच्यापुढे मुक्कामाच्या पावत्यांसह जमाखर्च ठेवला गेला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीसाठी यादी फिरविणे सोपे जाते. ग्रामपंचायतींनी या हिशेबाची एक प्रत आणि खेळाडूने लिहिलेली त्या शहराची टिपणे, म्हणजे कोणते वसतिगृह, किती भाडे, सभागृहापर्यंत किती अंतर, शाळेच्या क्रीडाकक्षात जपून ठेवावीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे पुष्कळदा त्याच शहरांत भरतात, आणि त्या टिपणांतील पत्ता पुढील खेळाडूला पुन्हा लागतो.